मिळकतीचे मूल्यांकन आणि एकच माप
(बेलपाडा येथील पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात घराजमिनीच्या किमतीविषयी बोलण्याचे मी योजिले, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. परंतु शाळेत आम्ही शेकडेवारी शिकवितो, क्षेत्रफळ शिकवितो, घसारा शिकवितो; आणि ज्या व्यवहारात या तिन्हींची खरी गरज पडते तो व्यवहार मात्र घरातील शिकलेल्या मुलाने कागद न वाचताच पार पडतो. वडिलांनी सही केली, भावाने सही केली, म्हणून आपणही केली, असे आपल्याकडे कित्येकदा घडते. मध्यमवर्गीय कुटुंबाची बहुतेक सारी कमाई एका घरात किंवा एका जमिनीच्या तुकड्यात असते. तिची किंमत कोण ठरवितो, कशी ठरवितो आणि त्या वेळी आपण काय करावयाचे असते, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिळकतीचे मूल्यांकन, ज्याला आपण व्यवहारात व्हॅल्युएशन म्हणतो, ते सोन्याच्या वजनासारखे नसते. ते एका जाणकाराचे पुराव्यावर आधारलेले मत असते. हे मत एका विशिष्ट तारखेचे असते आणि एका विशिष्ट कामासाठी दिलेले असते. म्हणून कोणी किमतीचा आकडा पुढे केला की आपण तीन प्रश्न विचारावेत : हा आकडा कोणत्या कामासाठी काढला? कोणत्या तारखेचा आहे? आणि कशाच्या आधारावर काढला? एकाच घराचे चार निरनिराळे आकडे निघू शकतात आणि ते चारही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. नोंदणी कार्यालयाचा आकडा वेगळा, बँकेचा वेगळा, विमा कंपनीचा वेगळा आणि प्रत्यक्ष गिऱ्हाईक देतो तो वेगळा. विमा घेताना घर पडल्यास ते पुन्हा बांधण्याचा खर्च धरावयाचा असतो. त्यात जमिनीची किंमत येत नाही, कारण जमीन आगीत जळत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कोणी उगाच जास्त हप्ता भरतो, तर कोणी फार कमी रकमेचा विमा उतरवून बसतो.

आता नोंदणी कार्यालयाच्या आकड्याकडे वळू. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी शासन दरवर्षी मूल्यदरांचा तक्ता तयार करते. त्यालाच लोक रेडी रेकनर म्हणतात. हे दर सर्वसाधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात आणि कोणालाही पाहता येतात. गाव, विभाग, मिळकतीचा प्रकार यांवरून हा दर ठरतो. तुमच्या भिंतीला ओल आहे की नाही, खिडकीतून उजेड येतो की नाही, हे त्या तक्त्याला ठाऊक नसते. खरेदीची रक्कम आणि या तक्त्यावरून निघालेली रक्कम यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर शुल्क द्यावे लागते. सूची क्रमांक दोन हा नोंदणीचा उतारा आपण कधी वाचून पाहावा. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन स्वतंत्र रकाने असतात. मोबदला म्हणजे पक्षकारांनी लिहिलेली रक्कम. त्या शेजारच्या ‘बाजारभाव’ या शब्दाने फसू नये. तो बाजारात फिरून काढलेला भाव नव्हे, तो सरकारी तक्त्यावरून काढलेला आकडा आहे. आपल्या मिळकतीला हा दर खरोखरच जास्त लागतो असे वाटल्यास मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. विकताना आणखी एक गोष्ट सांभाळावी. सरकारी मूल्य विक्रीच्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकर खाते विकणाऱ्याचा नफा सरकारी मूल्यावरून मोजते.

बँकेचा आकडा याहून निराळा. बँक कर्ज देताना आपल्या यादीवरील मूल्यांकनकाराला घर पाहावयास पाठविते. त्याची फी बहुधा आपणच भरतो, पण तो अहवाल लिहितो बँकेसाठी. उद्या कर्ज बुडाले तर हे घर विकून किती रक्कम हाती येईल, ही बँकेची काळजी असते. म्हणूनच अशा अहवालात रास्त बाजारमूल्य, सहज वसूल होणारे मूल्य आणि घाईने विकावे लागल्यास येणारे मूल्य असे तीन आकडे पुष्कळदा दिलेले असतात. तिसरा आकडा पाहून घाबरू नये आणि पहिला पाहून हुरळूनही जाऊ नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपण ६० लाख रुपयांत एक सदनिका ठरविली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. आपण मनात ४८ लाखांचा हिशेब केला. पण मूल्यांकनकाराने किंमत ५२ लाख धरली, तर कर्ज होईल ४१ लाख ६० हजार. मधले ६ लाख ४० हजार रुपये ऐन वेळी आणावयाचे कोठून? तोवर बयाण्याची रक्कम देऊन झालेली असते. मग दागिने गहाण पडतात, नातलगांपुढे हात पसरावा लागतो. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच बँकेचे मूल्यांकन करून घ्यावे, निदान बयाण्याच्या कागदात ‘कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत’ अशी अट लिहून घ्यावी.

मूल्यांकनकार किंमत काढतो कशी? मुख्य रीती तीन आहेत. पहिली तुलनेची : जवळपासच्या, त्याच प्रकारच्या मिळकती अलीकडे कितीला विकल्या गेल्या ते पाहून त्यात कमी-जास्त करणे. दुसरी भाड्याची : एखाद्या गाळ्याचे खर्च वजा जाता वर्षाला १ लाख ८० हजार रुपये उत्पन्न येत असेल आणि तशा मिळकतीवर तीन टक्के परतावा रास्त समजला जात असेल, तर किंमत ६० लाख. तिसरी खर्चाची : जमिनीची किंमत अधिक आजच्या दराने बांधकामाचा खर्च, वजा इमारतीच्या वयानुसार घसारा. कोणती रीत वापरली आणि का वापरली, हे अहवालात लिहिलेले असलेच पाहिजे. ते नसेल तर विचारण्यात संकोच कसला?

मूल्यांकनकार घरी येईल त्या दिवशी घर सजविण्यापेक्षा कागद लावून ठेवावेत. खरेदीखत, सूची दोन, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती, आणि सिडकोची जागा असल्यास भाडेपट्ट्याचा करार. नवी मुंबईत सिडकोने भूखंड मालकीहक्काने न देता भाडेपट्ट्याने दिलेले आहेत, त्यामुळे पट्ट्याची किती वर्षे उरली आणि हस्तांतरण शुल्क किती, याचा किमतीवर परिणाम होतो. गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचे तर सारे मूल्यच कागदावर अवलंबून आहे. भिंत तीच, पण नियमित झालेल्या घराला बँक दारात उभी करील आणि न झालेल्या घराला करणार नाही. ती घरे नियमित करण्याविषयी शासनाने २०२२ साली निर्णय काढला. ज्यांना तो लागू पडतो त्यांनी आपले कागद पुरे करण्यात आळस करू नये. क्षेत्रफळाच्या बाबतीतही दक्ष राहावे. चटई क्षेत्र, बांधीव क्षेत्र आणि बिल्डरच्या जाहिरातीतले क्षेत्र ही तीन वेगवेगळी मापे आहेत. एकाचा दर दुसऱ्याच्या क्षेत्राला लावला की लाखांचा फरक पडतो.

कोणत्याही गावात चार शहाणे दलाल असतात आणि त्यांचा अंदाज कित्येकदा बरोबरही येतो. परंतु न्यायालयात, आयकर खात्यात किंवा तंटा झाल्यास त्यांचा तोंडी भाव चालत नाही. २०१७च्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यांकनकारांची परीक्षा व नोंदणी होते आणि त्यांत ‘जमीन व इमारत’ असा स्वतंत्र वर्ग आहे. आयकरासाठीही वेगळी नोंदणी असते. ज्या कामासाठी अहवाल हवा, त्या कामाला चालणारी नोंदणी त्या माणसाजवळ आहे काय, हे आधी पाहावे.

आता मी अशा विषयाकडे येतो की ज्याचे व्रण या पंचक्रोशीत अजून बुजलेले नाहीत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवीन शहरासाठी घेण्याचे ठरले. त्या वेळी पनवेल-उरण हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. १८९४चा भूसंपादन कायदा लागू होता आणि त्या कायद्यानुसार जमिनीची किंमत धरावयाची ती कलम ४ची अधिसूचना निघाली त्या तारखेची. निवाडा कित्येक वर्षांनी होवो, शेजारी शहर उभे राहो, तारीख तीच. लोकांचा संताप या तारखेत आणि त्या दरात होता. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण भागात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. पुढे १९९०च्या दशकात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्यामागे हे रक्त आहे, याचा आपल्या मुलांना विसर पडता कामा नये.

त्याच १९८४ साली कायद्यातही दुरुस्ती झाली. सक्तीच्या संपादनाबद्दलची वाढीव रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली, अधिसूचनेपासूनच्या काळासाठी वर्षाला १२ टक्के जादा देण्याची तरतूद झाली, आणि शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव दर दिला तर त्याच अधिसूचनेखालील दुसऱ्या शेतकऱ्यालाही तीन महिन्यांच्या आत अर्ज करून तो दर मागता येईल अशी सोय झाली. पण या सोयींचा लाभ ज्याने कागद वाचला त्याला झाला. भरपाईची रक्कम ‘हरकत राखून’ घेतली असे लिहिले तर पुढे न्यायालयात वाढ मागता येत असे. मुकाट्याने अंगठा दिला तर तो दरवाजा बंद होई. दोन शब्द लिहिण्या-न लिहिण्याचा हा फरक होता, आणि ज्याला लिहिताच येत नव्हते त्याने काय करावे? शिक्षण संस्था कशासाठी काढावयाच्या, याचे याहून मोठे उत्तर माझ्याजवळ नाही.

१ जानेवारी २०१४पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आहे. त्यात सरकारी तक्त्याचा दर, आणि परिसरातील मागील तीन वर्षांच्या व्यवहारांतील वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांपैकी जास्त असेल ती किंमत धरतात. संमतीने रक्कम ठरली असेल तर तीही विचारात घेतात. वर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. मात्र दाद मागण्याची मुदत आजही लहानच आहे. निवाड्याच्या वेळी हजर असल्यास सहा आठवडे; नसल्यास नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतील जे आधी संपेल ते. ‘हरकत राखून’ हे शब्द आजही तितकेच महत्त्वाचे आहेत. राष्ट्रीय महामार्गासाठीच्या संपादनात दाद लवादाकडे मागावी लागते. म्हणून नोटीस आली की ती देव्हाऱ्यात किंवा कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. त्याच दिवशी जाणकार वकिलाला दाखवावी.

तुलना कशी करावी याचा उत्तम पाठ सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली पुण्यातील जमिनीच्या चिमणलाल हरगोविंददास खटल्यात घालून दिला. लहान तुकडा, रस्त्यालगतची जागा, रुंद दर्शनी भाग, चौकोनी आकार आणि वस्तीची जवळीक यांनी किंमत वाढते. मोठे क्षेत्र, आतली जागा, अरुंद पट्टा आणि भराव घालावा लागणारी खोलगट जमीन यांनी ती उतरते. लहान भूखंडाचा दर मोठ्या क्षेत्राला लावताना साधारण २० ते ५० टक्के वजावट होऊ शकते, असेही त्या निकालात सांगितले आहे. दोन गुंठ्यांच्या व्यवहाराचा भाव घेऊन दोन एकरांना गुणणारे आपले बंधू नंतर निराश होतात, त्याचे कारण हे आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि तिच्यावर बेलपाडा हे स्थानक आहे. स्थानकापासून चालत पाच मिनिटे आणि रिक्षाने पंधरा मिनिटे, या दोन जागांचा दर एकच कसा असेल?

याच संदर्भात आणखी एक कानगोष्ट उघडपणे सांगतो. खरेदीखतात खरी रक्कम न लिहिता काही रक्कम ‘वरून’ देण्याची चाल आपल्याकडे आहे. शुल्क वाचले म्हणून माणूस खूश होतो. परंतु उद्या त्याच परिसरात रस्ता किंवा रेल्वे आली की भरपाई मोजताना याच खरेदीखतांची सरासरी पुढे येते. वरून दिलेल्या नोटांचा पुरावा कोठेही नसतो. एकाने चार पैसे वाचविले आणि साऱ्या आळीची भरपाई उतरली. कायद्याचा भंग तर झालाच, शेजाऱ्याचे नुकसानही झाले.

बंधुभगिनींनो, शेवटी मी आपल्या उंबऱ्याच्या आत येतो. शासनाने आपल्या जमिनीचा दर कमी लावला म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या तक्रार केली आणि ती तक्रार रास्तच होती. पण घरात वाटणीची वेळ आली, की बहिणीचा हिस्सा काढताना आपण कोणते माप वापरतो?

हिशेबच करू. मरहूम वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. दफनविधीचा खर्च, कर्ज, न दिलेला मेहर आणि वसियत असल्यास ती एक तृतीयांशाच्या मर्यादेत, हे सारे आधी वजा केल्यावर ८० लाख रुपये किमतीचे घर उरले. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे १० लाख. राहिलेल्या ७० लाखांचे पाच भाग; प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे २८ लाख आणि मुलीला एक भाग म्हणजे १४ लाख. आता घर मुलांनी ठेवावयाचे आणि बहिणीला रोख रक्कम द्यावयाची असे ठरले. या वेळी थोरला भाऊ म्हणतो, “वडिलांनी हे घर ४० लाखांनाच घेतले होते.” बहिणीला ७ लाख मिळतात. पुढे दोन वर्षांनी तेच घर पूर्ण भावाने विकले जाते. शरियतने तिला दिलेला हिस्सा कोणी नाकारला नाही. हिस्सा दिला, पण माप बदलले.

वारसाने ठराविक रक्कम घेऊन आपला हिस्सा सोडण्याला आपल्या फिक्ह‌मध्ये तखारुज म्हणतात. त्याला मनाई नाही. परंतु ज्या बहिणीला घराची किंमतच ठाऊक नाही तिची राजीखुशी ती कसली राजीखुशी? हक्कसोडपत्र नोंदवावे लागते आणि एकदा नोंदले की ते मोडणे फार कठीण. म्हणून माझी सूचना अशी, की वाटणीपूर्वी सर्व वारसांनी मिळून एकच नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमावा, कोणत्या तारखेची किंमत धरावयाची ते आधीच लिहून ठेवावे, अहवालाची एक प्रत प्रत्येक वारसाच्या, बहिणीच्याही, हाती द्यावी आणि फी सर्वांनी हिश्श्याप्रमाणे भरावी. काही हजार रुपयांच्या या फीमुळे भावाबहिणींमधील वीस वर्षांचा अबोला टळत असेल तर ती महाग नाही. बहिणींनाही माझे सांगणे आहे, की अहवाल मागणे म्हणजे भावाशी भांडणे नव्हे. कर्जाचा व्यवहार साक्षीदारांसह लिहून ठेवा, असा आदेश कुरआन शरीफातील सर्वात मोठ्या आयतीत, सूरह बकराच्या २८२व्या आयतीत, आहे. लिहून ठेवण्याने नाते तुटत नाही.

जकातीच्या हिशेबातही हेच माप लागू आहे. राहत्या घरावर जकात नाही. पण विकण्याच्या हेतूने घेतलेला भूखंड हा व्यापाराचा माल होय, आणि त्याची किंमत जकातीच्या दिवशीच्या बाजारभावाने धरावी लागते. तेथे खरेदीच्या जुन्या आकड्यामागे लपता येत नाही. बारकावे आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

कुरआन शरीफात मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. घेताना पुरे माप घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांना तिच्या आरंभीच इशारा दिलेला आहे. आपण ती तराजू घेऊन बसलेल्या दुकानदारापुरती समजतो. घराच्या मूल्यांकनाचा कागदही एक तराजूच आहे. सरकारकडून भरपाई घेताना, बँकेकडून कर्ज घेताना, बहिणीला हिस्सा देताना आणि जकात काढताना माप एकच असावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. या सुट्टीत आपल्या घराचे कागद वडीलधाऱ्यांच्या परवानगीने काढा आणि वाचा. नाव कोणाचे आहे, क्षेत्र किती आहे, कोणते माप वापरले आहे, वारसांची नोंद झाली आहे की आजोबांचेच नाव अजून चालले आहे, हे एका वहीत लिहा. त्यात आत्यांची नावे आहेत काय तेही पाहा. नसतील तर वडिलांना अदबीने विचारा.